तुझी जीभ मी होतो

भानुदास, त्या रविवारी मटणात मीठ बरोबर होतं. मी तुला कमी आहे म्हणून सांगितलं. एकदा नाही, दोनदा. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शेठना नाही, तुला तर नाहीच. तुला जाऊन आज सोळा दिवस झाले, म्हणजे आता मी हे कुणासमोर कबूल करतोय ते माझं मलाही नीट माहीत नाही. पण लिहायला बसलोय खरा.

मला लिहायची सवय नाही. बोलायचीही नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? स्टाफ रूममध्ये सगळ्यांसमोर तू म्हणायचास, "बाळ्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हंजी आपल्याकडच्या बोअरचं पाणी काढायचं. आधी अर्धा तास नुसती हवा येती." सगळे हसायचे. मीही हसायचो. आज इतक्या वर्षांनी हवा संपली असं समज.

आपण दोघं एकाच वस्तीवरचे, लिंबागणेशच्या पुढचे. पण तुमचं घर ओढ्याच्या पलीकडं आणि आमचं अलीकडं. माझे वडील दूध सोसायटीचे सेक्रेटरी. तुझे आईवडील दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्याला परत. सोसायटीच्या निवडणुकीत आमची जीप तुमच्या दारात यायची, तुझ्या वडलांना मतदानाला न्यायला. एरवी यायची नाही. तू आमच्या घरी आलास तर पायरीशी उभा राहायचास. कुणी बस म्हटलं नाही आणि तूही कधी बसला नाहीस. ते चुकीचं आहे असं मला तेव्हा वाटलंही नव्हतं.

मग ते दुष्काळाचे लागोपाठ दोन उन्हाळे आले. जनावरं विकली गेली, सोसायटीत दूध येईना. डेअरीचे कॅन उलटे करून भिंतीला लावून ठेवलेले मला अजून दिसतात. वडील तरी रोज सकाळी कुलूप काढून आत जाऊन बसायचे. त्याच वर्षी तू आणि मी पुण्याच्या एसटीत बसलो. एका बाकावर. खिडकीची जागा तू मला दिलीस. मी घेतली.

हडपसरच्या बाजूला आपल्याला मिळालेलं ते हॉटेल तसं लहानच होतं. चौदा टेबलं, मागं भटारखाना, वर माळ्यावर पोरांची झोपायची खोली. मी टेबलं पुसायला लागलो, तू कांदे चिरायला. मला दहावीपर्यंतचं लिहिता-वाचता येत होतं आणि गिऱ्हाइकाशी मान खाली न घालता बोलता येत होतं. ते घराण्याचं होतं, माझी त्यात कमाई काही नाही. दोन वर्षांत मी ऑर्डर घ्यायला लागलो, चौथ्या वर्षी वेटरांचा कॅप्टन झालो. कॅप्टनचा पांढरा शर्ट पहिल्यांदा घालायचा होता त्या दिवशी इस्त्री नव्हती. तू पातेल्यात निखारे घालून त्याच्या बुडानं माझा शर्ट कडक करून दिलास आणि म्हणालास, "जा सायब, आता आमाला वळखू नको." त्या दिवशी मला तुझा फार आधार वाटला होता. हे तुला सांगायला हवं होतं. राहिलं.

तुझ्या गळ्यात माळ होती. लहानपणी उसाच्या भरल्या ट्रॅक्टरवरून पडलास आणि वाचलास, तेव्हा तुझ्या आईनं, गयाकाकूंनी, तुळशीची माळ तुझ्या गळ्यात घातली. तेव्हापासून तू मटण-मासे, अंडं कशालाही तोंड लावलं नाहीस. त्यामुळं भटारखान्यात तुझ्याकडं डाळ, वांगं, ठेचा, भाकरी एवढंच. मटणाचा वस्ताद वेगळा होता. तो एका रविवारी सकाळी शेठशी भांडून निघून गेला. मटण धुऊन ठेवलेलं, बाहेर गिऱ्हाईक यायला दोन तास. शेठ भटारखान्याच्या मधोमध उभे, कुणाला काय सांगावं कळेना. तेव्हा तू हात पुसत पुढं आलास.

"मी शिजवतो. बघून बघून येतंय मला. पर तोंडाला लावणार न्हाई. चाखायला ह्याला उभा करा."

ह्याला म्हणजे मला.

तेव्हापासून तीन वर्षं आपली ती पद्धत झाली. तू कांदा-खोबरं भाजलेलं वासावरून ओळखायचास. मटण शिजलं का ते झाकणाच्या आवाजावरून. तर्रीचा रंग बघून मसाला सांगायचास. "फकस्त मिठाला वास न्हाई बे. तिथं मी आंधळा." मग मी बाहेरून यायचो, हात धुवायचो, तू पळीच्या टोकानं दोन थेंब माझ्या तळहातावर सोडायचास आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायचास. मी एवढंच म्हणायचो, "बसलं." नाहीतर, "कमी हाय." तू कधी दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. कधीच नाही. हॉटेलचं नाव तुझ्या त्या काळ्या मसाल्याच्या मटणानं झालं. लोक रविवारी रस्त्यावर उभे राहायला लागले. आत एक माळकरी माणूस न चाखता शिजवतोय, हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

मी तुला चिडवायचो. "भान्या, ड्युटीला माळ काढून ठेवत जा की. सुटलं की घाल."

"माळ काय टोपी हाय का बे, काढून खुंटीला लावायला?"

"मग शिजवणं बी पापच की. खाणं तेवढं पाप आन् शिजवणं पुण्य, असं कुठं लिव्हलंय?"

यावर तू दरवेळी थांबायचास. चेष्टेचं उत्तर चेष्टेत देणारा तू, इथं मात्र गंभीर व्हायचास. मग म्हणायचास, "ते मी देवाला इचारलंय. आजून उत्तर आलं न्हाई. आलं की सांगतो तुला."

हा आपला वाद कधी संपला नाही. मला वाटायचं आयुष्यभर असाच चालेल. म्हातारे झाल्यावर गावात पारावर बसूनसुद्धा.

आता तो शुक्रवार. दुपारची जेवणं आटोपली होती, पोरं वर लवंडली होती. शेठनी मला काउंटरजवळ बसवलं आणि सांगितलं की बाणेरला दुसरी शाखा काढतोय. मी मनातल्या मनात शर्टाची कॉलर सरळ केली. इतकी वर्षं कॅप्टन होतो, पुढची पायरी मॅनेजरचीच होती. शेठ म्हणाले, "तिथं भानुदासला मॅनेजर करतोय. मटणाच्या हॉटेलात भटारखाना ज्याच्या हातात, सगळं त्याच्याच हातात पाहिजे. तू त्याला गिऱ्हाइकाशी बोलायला शिकव, मागनं तूही जा त्याच्या मदतीला. रविवारी माझे दोन भागीदार जेवायला येतायत. ते हो म्हणाले की झालं. तोवर त्याला काही बोलू नकोस."

मी म्हणालो, "बरं शेठ."

भानुदास, शेठ चूक नव्हते. ते मला तेव्हाही कळत होतं. तू मॅनेजर झाला असतास तर चांगलाच झाला असतास. पोरांना तू ओरडायचास, पण त्यांच्या ताटात काय पडलं तेही तूच बघायचास. मला ताप आला की माझी टेबलं तू दुसऱ्याकडून करून घ्यायचास आणि शेठना पत्ता लागू द्यायचा नाहीस. हे सगळं मला माहीत होतं. पण त्या दोन दिवसांत डोळ्यांसमोर एकच येत होतं. आमच्या गावातला पार. तिथं वडलांना कुणी विचारतंय, "पोरगं काय करतंय पुण्याला?" आणि वडील सांगतायत, "गयाबाईच्या भानुदासाच्या हाताखाली हाय." पुण्यात मला हसणारं कुणी नव्हतं. ओढ्याअलीकडच्या त्या दहा-पंधरा माणसांना मी घाबरलो.

माझ्या हातून नकळत झालं असं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल. मी ठरवून गेलतो.

रविवारी तू सकाळीच डोक्यावरून अंघोळ करून भट्टीपुढं उभा राहिलास. पाहुणे खास आहेत एवढंच तुला माहीत होतं. अकरा वाजता हाक मारलीस. मी गेलो, हात धुतले, तळहात पुढं केला. तू दोन थेंब सोडलेस. मी चाखलं. गेल्या तीन वर्षांत मी हजार वेळा तरी चाखलं असेल, पण इतकं नेमकं कधी झालं नव्हतं. आणि मी म्हणालो, "मीठ कमी हाय."

तुझी भुवई जराशी हलली. "कमी? रोजच्या मापानंच टाकलंय की."

"चाखलं कुणी, तू का मी?"

हे वाक्य मी तुला म्हणालो. मूठ भरून मीठ घातलंस, ढवळलंस, झाकण ठेवलंस. थोड्या वेळानं पुन्हा दोन थेंब. ते खारट झालं होतं. मी म्हणालो, "आजून थोडं." तू माझ्या तोंडाकडं बघत होतास, नेहमीसारखाच. मी तोंड सरळ ठेवलं. कॅप्टनला ते जमतं. गिऱ्हाइकानं कितीही बोल लावला तरी चेहरा हलू द्यायचा नाही, हे मी नव्या पोरांना अजून शिकवतो.

पाहुण्यांनी एक घास खाल्ला. एकानं पाण्याचा ग्लास उचलला. दुसऱ्यानं वाटी हळूच बाजूला केली आणि कांद्याबरोबर कोरडी भाकरी मोडायला लागला, चांगल्या घरचा माणूस. शेठनी स्वतः एक चमचा तोंडात घातला आणि उठून आत आले. माझ्याकडं वळले. "तू चाखलं नव्हतंस?"

मी तोंड उघडायच्या आत तू बोललास. "त्यानं चाखलं तवा बरोबर हुतं शेठ. नंतर माझाच हात जड पडला. त्येला काय बोलू नका."

मी सांगितल्यापलीकडं तू चिमूटभरही मीठ घातलं नव्हतंस. तुला माहीत होतं. तरी ते आपल्या अंगावर घेतलंस. माझी जीभ त्या दिवशी चुकली असं तुला वाटलं आणि माझी नोकरी जाऊ नये म्हणून खोटं बोललास? का माझ्या तोंडावर तुला सगळं दिसलं होतं आणि तरीही बोललास? पहिलं असेल तर मी हलकट. दुसरं असेल तर माझ्यासाठी शब्दच नाही. विचारायची हिंमत कधी झाली नाही, आणि आता कुणाला विचारू?

दुपारी तू मागच्या पायरीवर बसला होतास. माळ दोन बोटांत धरून. मी शेजारी बसलो. तू म्हणालास, "उत्तर आलं बे."

"कसलं?"

"मी इचारलं हुतं ना देवाला. आलं. हात काढून घेतला त्यानं. माळ घालून ह्या भांड्याम्होरं उभा राह्यलो, तीन वर्षं सहन केलं, आज सांगितलं. बरोबर हाय त्याचं."

मी म्हणालो, "तसं काय नसतंय."

एवढंच म्हणालो. माझ्या जिभेच्या टोकावर बाकीचं सगळं होतं. मी गिळलं.

शेठनी तुला काढलं नव्हतं. "एखादा दिवस जातो माणसाचा," म्हणाले, डाळ-भाजीवर राहा म्हणाले. तू राहिला नाहीस. महिन्याभरात गावी गेलास. बाणेरची शाखा सुरू झाली आणि मी मॅनेजर झालो. वडलांनी सोसायटीच्या ओट्यावर पेढे वाटले. त्यातला एक तू खाल्लास, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं. "माझा दोस्त हाय, हुणारच हुता," असंही तू म्हणालास म्हणे.

नंतरच्या दुष्काळात गावाजवळ चारा-छावणी पडली. लोक जनावरांबरोबर तिथंच राहायला आले आणि त्यांच्या जेवणाचं तू बघायला लागलास. मी गावी आलतो तेव्हा बघायला गेलो. मोठ्या कढईत पिठलं रटरटत होतं. तू मला बसायला पोतं टाकलंस आणि आधी मला वाढलंस. तेव्हा एक गोष्ट बघितली आणि न बघितल्यासारखी केली. पिठल्यात मीठ घालायची वेळ आली तशी तू बायकोला, आमच्या सुमन वहिनींना, हाक मारलीस. त्यांनी येऊन मीठ घातलं, गेल्या. मी विचारलं, "कावून रं? पिठलं तर तू खातोस की. चाखून घाल." तू हसलास. "चाखून बी खरं वाटत न्हाई मला."

त्या छावणीत त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या, भानुदास. उठून परत आलो.

पुढं तू मांजरसुंब्याच्या ढाब्यावर लागलास. गावी येता-जाता मी तिथं थांबायचोच. तुझी शेवभाजी खायला, असं मी घरात सांगायचो. ढाब्याचा मालक एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "तुमच्या दोस्ताला सांगा की मॅनेजरसाहेब. मटणाला उभा राहा म्हणून किती वर्षं मागं लागलोय. ट्रकवाले अजून पुण्यातल्या चवीचं नाव काढतेत."

"हात गेलाय माझा, मालक," तू म्हणालास. दुखणं सांगावं तसं. किंवा वय सांगावं तसं. त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला सोपं गेलं असतं.

मागच्या शिमग्याला शेवटचं भेटलो. तू समोरच्या बाजेवर बसलास. केस पांढरे, हात भट्टीनं काळे.

"तुझ्याकडं नवीन वस्ताद कसाय?"

"बराय."

"चाखायला कोण असतंय?"

"तोच चाखतो."

"मंग सोपंय त्याला," म्हणालास आणि मोठ्यानं हसलास. "आपलं लई अवघड हुतं बे. एकाचा हात, दुसऱ्याची जीभ. पर जमलं की नाही तीन वर्षं?"

त्या क्षणी मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. "भान्या, ऐक," एवढं माझ्या तोंडातून निघालंही होतं. तेवढ्यात लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी येऊन लागली, पंचवीस-तीस माणसं उतरली, आणि तू उठलास. "बस, आलोच. जाऊ नको." मी तुला भट्टीपुढं रोट्या टाकताना बघत राहिलो. आणि तू परत यायच्या आत निघून गेलो. वऱ्हाडाचं निमित्त मिळालं म्हणून मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो. मग रस्ताभर वाटत राहिलं की पुढच्या खेपेला नक्की.

पुढची खेप तुझ्या दहाव्याला झाली. सकाळी ढाब्यावर भट्टी पेटवताना छातीत कळ आली आणि तू तिथंच बसलास ते उठला नाहीस, असं फोनवर कळलं होतं. दहाव्याचं उरकल्यावर तुझ्या घरी गेलो. ओढा ओलांडून. इतक्या वर्षांत मी तुझ्या घरात पहिल्यांदा आत बसलो. माझ्या लग्नात अख्ख्या गावाचा स्वयंपाक तू उभा केलास आणि शेवटच्या पंगतीला जेवलास, तेव्हाही तुझ्या घरी जाऊन तुला आमंत्रण मी दिलं नव्हतं. गड्याच्या हाती निरोप धाडला होता.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "हात गेल्याचं त्येंनी मनाला लई लावून घेतलं हुतं, भाऊजी. घरच्या भाजीला बी मीठ मीच टाकायचं. एकदा मी आजारी हुते तर पाच दिवस आळणी खाल्लं, पर सोता टाकलं न्हाई."

गयाकाकू भिंतीला टेकून होत्या. आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही त्यांना. माझा आवाज ओळखून त्यांनी हात पुढं केला, माझा हात धरला.

"माझंच चुकलं बाबा. मीच माळ घातली, आन् मीच पोटापायी त्याला पुण्याला धाडला. देवानं आदी त्याचा हात नेला, मंग माणूसच नेला. तू जवळ हुतास त्याच्या. तू सांग. लई पाप झालं का रं माझ्या लेकराच्या हातून?"

"न्हाई काकू. त्याच्या हातून काहीच झालं न्हाई."

"मंग कावून झालं आसं?"

खोलीत सात-आठ माणसं होती. सगळी माझ्याकडं बघत होती. वहिनी बघत होत्या. मी पाण्याचा तांब्या उचलला, पाणी प्यालो, आणि म्हणालो की गाडी लांब लावलीये, निघतो.

तुझी आई ऐंशीच्या घरात आहे. उरलेले दिवस ती स्वतःला आणि तुझ्या हाताला दोष देत काढतेय, आणि तिच्याशेजारी वहिनी ते मुकाट ऐकतायत. बोलणारा मी एकटाच उरलोय. हे लिहून माझं ओझं कमी होईल असं वाटलं होतं. झालेलं नाही, कारण त्या दोघींना वाचता येत नाही.

म्हणजे मला जावं लागणार. ओढ्यापलीकडं, तुझ्या घरात, त्यांच्यासमोर खाली बसून, तुझ्या आईनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडानं द्यावं लागणार. ते मी अजून दिलेलं नाही.